‘एवढेच?’ म्हणण्यापूर्वी

दिवाळीचा फराळ संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की माझ्या दवाखान्यात एका ठराविक प्रकारचे रुग्ण यायला लागतात. वय पंधरा-सोळा. तक्रारीही ठरलेल्या. पोटात दुखते, डोके धरते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडते. सोबत आई असते, क्वचित वडील. मी स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधीच विचारते, "दहावीला आहे का?" आई चकित होऊन म्हणते, "तुम्हाला कसं कळलं, मॅडम?"

कळायला फारसे काही लागत नाही. घाटकोपर पश्चिमेला भटवाडीजवळ माझा दवाखाना आहे आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी हेच पाहते आहे. ऑक्टोबरमध्ये तापाचे रुग्ण, डिसेंबरात खोकल्याचे आणि जानेवारीपासून दहावी-बारावीचे.

मुंबईच्या उपनगरातली ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या वाचकांना कशाला, असे कोणी विचारील. पण घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांतल्या चाळींत आणि सोसायट्यांत आपल्याच गावांतली माणसे राहतात. कोणाचा भाऊ, कोणाची मावशी, कोणाचा पुतण्या. शिवाय राज्य मंडळाचे विभाग नऊ असले तरी परीक्षा एकच आहे. मुलुंडच्या मुलीपुढे जी प्रश्नपत्रिका येते तीच आपल्या तालुक्याच्या शाळेतल्या मुलापुढे येते. आणि निकालाच्या दिवशी "किती टक्के पडले?" असा पहिला फोन मुंबईला जातो तो गावाहूनच. त्या फोनबद्दलही मला पुढे बोलायचे आहे.

पोट का दुखते?

२०१७ सालची गोष्ट. दहावीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई आली. तीन महिने पोट दुखत होते. लघवी तपासून झाली, रक्त तपासून झाले, सोनोग्राफी झाली. सगळे व्यवस्थित. आईला वाटत होते की मुलगा अभ्यास टाळायला सोंग करतो.

मी आईला बाहेर बसवले आणि मुलाला विचारले, "कोणत्या दिवशी दुखतं रे?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "क्लासमध्ये टेस्ट असते त्या दिवशी." आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "पप्पांनी पतपेढीतून कर्ज काढून माझी फी भरलीय. रोज रात्री म्हणतात, माझ्यासारखी रिक्षा चालवू नकोस."

वडील हे प्रेमानेच म्हणत होते. दिवसभर रिक्षा चालवून आलेला माणूस आणखी काय म्हणणार? पण मुलाच्या कानात ते वाक्य वेगळ्या रूपाने जात होते. ‘मी नापास झालो तर पप्पांचे कर्ज फुकट जाईल,’ असा त्याचा अर्थ त्याने लावला होता.

हे पोटदुखीचे सोंग नव्हते, हे पालकांनी आधी समजून घ्यावे. भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदयाचे ठोके वाढतात, तळहाताला घाम सुटतो, जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून पेपरच्या दिवशी सकाळी मळमळते, पोटात कळ येते, दोन-दोनदा शौचाला जावे लागते. वाघ समोर आला तर पळण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. वाघ दोन मिनिटांत निघून जातो, दहावी मात्र वर्षभर समोर उभी असते.

अर्थात प्रत्येक पोटदुखी भीतीची समजून सोडून देऊ नये. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर आधी नीट तपासणी झालीच पाहिजे. डोके दुखत असेल तर एकदा डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर लागलेला असतो आणि घरात ‘अभ्यासाचे टेन्शन’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, असेही मी अनेकदा पाहिले आहे.

त्या मुलाच्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. म्हटले, "महिनाभर घरात टक्क्यांचा विषय काढू नका. आणि एक गोष्ट त्याला आजच सांगा. निकाल काहीही लागो, त्या रात्री आपण सगळे एकत्र जेवायला बसायचं."

ते म्हणाले, "एवढ्यानं काय होणार, मॅडम?"

"सांगून तर बघा."

पोटदुखी एकदम गेली नाही, पण कमी झाली. मुलाने परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला आणि तो गणितात नापास झाला. मोबाइलवर निकाल पाहिल्यावर तो घरी गेला नाही. घाटकोपर स्टेशनच्या बाकावर दोन तास बसून राहिला. मग उठून घरी गेला. वडील दारातच उभे होते. म्हणाले, "हातपाय धू. ताट वाढलंय."

हे सगळे मुलानेच मला नंतर सांगितले. बाकावर बसला असताना काय काय मनात आले तेही सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. उठून घरी जावेसे का वाटले, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पप्पांनी आधीच सांगितलं होतं ना, जेवायला बसायचं म्हणून."

‘आधीच’ हा शब्द पालकांनी लक्षात ठेवावा. निकाल लागल्यावर "काही हरकत नाही" म्हणणारे आईबाप पुष्कळ असतात. पण निकाल पाहिल्यापासून घरी पोचेपर्यंत मूल एकटे असते. त्या वेळेत त्याच्याजवळ फक्त आपण आधी बोललेलेच शब्द असतात.

माझ्या घरातली गोष्ट

लोकांना असा सल्ला देणारी मी. दोन वर्षांनी माझीच परीक्षा आली आणि मी त्यात नापास झाले.

आम्ही मुलुंडला राहतो. माझी मुलगी २०१९ साली दहावीला होती. आदल्या वर्षी बोरिवलीच्या माझ्या नणंदेच्या मुलाला ब्याण्णव टक्के पडले होते. आमच्या घरात तो आकडा कोणी भिंतीवर लिहिला नव्हता, पण वर्षभर तो सगळ्यांना दिसत होता. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मुलीने संगणकावर नंबर टाकला. एक्क्याऐंशी टक्के.

माझ्या तोंडून शब्द निघाला, "एवढेच?"

मी ओरडले नाही, रागावले नाही. एकच शब्द. मुलगी उठून आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी नणंदेचा फोन आला तेव्हा मी आकडा सांगितला आणि लगेच म्हटले, "पेपर जरा कडक तपासले म्हणे यंदा." म्हणजे मुलीच्या वतीने मी माफीच मागितली. पेढे आणायचे ठरले होते, ते आणलेच नाहीत. त्या दिवसांत तिचे जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले. दुसऱ्यांच्या मुलांच्या डोळ्यांतली भीती ओळखणाऱ्या मला घरातली दिसली नाही. मला वाटले, वयच असे आहे.

चार वर्षांनी एका रात्री भांडी आवरताना ती सहज म्हणाली, "आई, दहावीच्या निकालाला तू काय म्हणाली होतीस, आठवतं?" मला आठवत नव्हते. तिला आठवत होते. ती म्हणाली, "त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी तुमच्या घरी राहायला आलेली कोणीतरी आहे."

यावर आई काय बोलणार? मी तिची क्षमा मागितली. तिने ती दिली. पण चार वर्षे तो शब्द तिच्या अंगात रुतून होता, आणि घरात डॉक्टर असून तो काढला गेला नाही.

ती आज काय करते हे मी मुद्दामच लिहीत नाही. चांगले सांगितले तर वाचक म्हणतील, ‘बघा, शेवटी झालेच ना भले.’ भले झाले म्हणून त्या शब्दाची चूक कमी होत नाही.

मूल मोजायचे की मोजपट्टी?

त्या रात्रीनंतर मी मागचे निकाल काढून पाहिले. ते वाचकांनीही पाहावेत.

२०१८ साली राज्यात दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली ९५.३० टक्के झाला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुले इतकी मागे पडली आणि पुढच्या वर्षी इतकी हुशार झाली, असे कसे होईल? मुले तशीच होती, मोजपट्टी बदलली होती. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांसारख्या विषयांत शाळेकडून मिळणारे २० गुण त्या वर्षी बंद केले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. २०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. २०२१ साली तर लेखी परीक्षाच रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीतले शाळेतले मूल्यमापन धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के.

म्हणजे माझ्या मुलीचे एक्क्याऐंशी आणि तिच्या भावाचे ब्याण्णव हे दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले आकडे होते. मी ते एकाच तराजूत घातले.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या स्कॉटलंडमध्ये परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून शिक्षकांनी मुलांच्या श्रेणींचा अंदाज कळवला. परीक्षा मंडळाने शाळांचे पूर्वीचे निकाल पाहून त्यांतल्या सुमारे सव्वा लाख श्रेणी खाली आणल्या. गरीब वस्त्यांतल्या मुलांना त्याचा फटका जास्त बसला. मुले रस्त्यावर आली, आईबाप त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि ४ ऑगस्टला लागलेला निकाल ११ ऑगस्टला सरकारने मागे घेऊन शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी परत केल्या. एका आठवड्यापूर्वी ‘कमी’ ठरलेले मूल आठवड्याने ‘चांगले’ ठरले. त्या आठवड्यात मुलात काय बदल झाला? काहीच नाही.

गुणांना महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. मुंबईत अकरावीचा प्रवेश २००९ सालापासून ऑनलाइन आहे. मुलुंडचे वझे-केळकर, पार्ल्याचे साठये किंवा मिठीबाई, माटुंग्याचे रुईया अशा महाविद्यालयांच्या कट-ऑफसाठी अर्ध्या गुणानेही जागा हुकते. पण जागा हुकते ती त्या महाविद्यालयातली, आयुष्यातली नव्हे. अकरावीच्या एकूण जागा पास होणाऱ्या मुलांपेक्षा जास्तच असतात आणि दरवर्षी हजारो जागा रिकाम्या राहतात. २०२५ साली राज्यातल्या २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यात चित्रकला, खेळ, लोककला यांचे सवलतीचे गुण धरलेले असतात. शेजारच्या मुलाच्या शंभर टक्क्यांशी आपल्या मुलाची तुलना करताना निदान हे तरी माहीत असावे.

झोप चोरू नका

आता शरीराकडे वळू. पालकांचा सर्वात मोठा गैरसमज झोपेबद्दल आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी आठ ते दहा तास झोप लागते. दहावीच्या घरांत ती पाच-सहा तासांवर येते. दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेत होते. रात्री दोनपर्यंत जागून पाठ केलेले धडे म्हणजे भिजल्या भिंतीला दिलेला रंग. लावलेला दिसतो, टिकत नाही.

दुसरी गोष्ट. या वयात शरीराचे घड्याळच तासा-दोन तासांनी पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा तयार होते, म्हणून दहा वाजता अंथरुणावर पडलेल्या मुलाला झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. तो आळस नसतो. ‘आम्ही पहाटे चारला उठून कंदिलाखाली अभ्यास केला,’ हे खरे असेल, पण आपण आठला झोपत होतो. रात्री बाराला झोपणाऱ्या मुलाला चारला उठवू नये. रात्रीचा अभ्यास किंवा पहाटेचा, यांतला एक निवडावा. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवावा, आणि मुलाचा एकट्याचा नव्हे, आईवडिलांचाही.

भटवाडीसारख्या भागात एका खोलीत पाच माणसे राहतात. तिथे शांतता कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. मंडळाची किंवा वाचनालयाची अभ्यासिका जवळ असेल तर तिचा उपयोग करावा. नसेल तर संध्याकाळी दोन तास टीव्ही बंद, एवढे तरी सगळ्या घराला करता येते. एका आईने मला सांगितले, "मी मालिका सोडली तेव्हा पोरगं म्हणालं, आई, तू माझ्यासाठी सोडलीस?" मुलांना असे कळते.

अशक्तपणा आणि टॉनिक

दहावीतल्या मुलीला अभ्यासाला बसले की झोप येते, जिना चढताना दम लागतो, लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे. अशा मुलीचे हिमोग्लोबिन आधी तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दहा मुलींत सहा! हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाचीच असते. ती दप्तरात ठेवून घरी आणू नये, जेवणानंतर घ्यावी. पालेभाजी, कडधान्ये, नाचणी ताटात असावी, त्यावर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही.

स्मरणशक्ती वाढवणारे म्हणून जे टॉनिक विकले जाते त्याने गुण वाढल्याचा भरवसा देता येईल असा पुरावा नाही. त्या पैशांत महिनाभर अंडी किंवा दूध येते. झोप येऊ नये म्हणून कॉफीचे कपावर कप किंवा दुकानातली ‘एनर्जी’ पेये देऊ नयेत. छातीची धडधड आणखी वाढते आणि उरलीसुरली झोपही जाते.

फेब्रुवारीत काही आया हळूच विचारतात, "परीक्षेत पाळी येऊ नये म्हणून गोळी द्या ना." दुकानातून आणून अशी गोळी मुलीला परस्पर देऊ नये. त्रास फार होत असेल तर दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटावे. बहुतेक मुलींना वेदनेची साधी गोळी आणि गरम पाण्याची पिशवी पुरते.

पेपरच्या दिवशी नवे काही खायला घालू नये. पोहे, उपमा, दहीभात, रोजचे जे असेल ते. सकाळचा पेपर अकराला सुरू होतो आणि दोनच्या पुढे संपतो, तेव्हा उपाशी पाठवू नये. अर्धा तास आधी केंद्रावर पोचायचे असते. लोकलचा भरवसा नसतो, त्यामुळे एक गाडी आधीचीच धरावी. पेपर देऊन आल्यावर प्रश्नपत्रिका हातात घेऊन उत्तरे ताडून पाहू नयेत. झालेला पेपर बदलत नाही, पुढचा मात्र बिघडतो.

नापास झाले तर?

हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मूल मात्र रोज मनात बोलत असते. म्हणून तो आधीच बोलून टाकावा.

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश घेता येतो. पूर्वी पुन्हा परीक्षेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे. २०१५ सालापासून फेरपरीक्षा निकालानंतर लवकरच होते, म्हणजे वर्ष वाया जात नाही. भटवाडीच्या त्या मुलाने जुलैमध्येच गणिताचा पेपर पुन्हा दिला आणि सुटला. गुण फारच अनपेक्षित वाटले तर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो. आयटीआय आहे, तंत्रनिकेतनाची पदविका आहे. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. निकालाच्या आदल्या आठवड्यात आईवडिलांनी मुलाला सोबत घेऊन हे सगळे एका कागदावर लिहून काढावे. दरवाजे किती आहेत हे दिसले की भीती कमी होते.

काही खुणा मात्र हलक्या घेऊ नयेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप उडाली आहे, मूल कोणाशी बोलत नाही, आवडीचे सगळे सोडून दिले आहे, स्वतःच्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकते आहे, "मी नसलो तर बरं होईल" असे काही बोलते आहे, तर त्याला ‘नाटक’ म्हणू नये. जवळ बसून सरळ विचारावे, "तुला जगणं नकोसं वाटतंय का?" विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा नंबरही आहे. हे दोन्ही नंबर मुलालाही सांगून ठेवावेत.

गावाहून जाणारा फोन

शेवटी आपल्या वाचकांसाठी, म्हणजे गावी राहणाऱ्या आजी-आजोबा, काका, मामा, आत्या यांच्यासाठी. निकालाच्या दिवशी आपण मायेनेच फोन करता. पण त्या दिवशी दुपारी त्या मुलाला असे वीस फोन येतात आणि प्रत्येकात पहिला प्रश्न ‘किती?’ हाच असतो. आकडा बरा असला तर तो वीस वेळा मिरवावा लागतो, नसला तर वीस वेळा लपवावा लागतो.

या वर्षी एवढे करून पाहा. फोन जरूर करा, पण ‘किती?’ विचारू नका. "जेवलास का? गावी कधी येतोस? आंबे संपायच्या आत ये," एवढेच म्हणा. टक्के त्याला सांगायचे असतील तर तो आपणहून सांगेल.

आणि आईवडिलांनो, आपल्यासाठी थोडक्यात.

१. निकाल काहीही लागला तरी घर तेच राहील, हे मुलाला निकालाआधी स्पष्ट शब्दांत सांगा. मनात असून भागत नाही.

२. रोज एकदा तरी अभ्यास सोडून दुसऱ्या विषयावर मुलाशी बोला.

३. सात-आठ तासांच्या खाली झोप जाऊ देऊ नका.

४. फी किती भरली, कर्ज किती काढले, याचा हिशेब मुलासमोर मांडू नका.

५. भावंडांशी, शेजाऱ्यांशी तुलना नको. मोजपट्टी दरवर्षी बदलते.

६. दुखणे सोंग समजू नका, आणि नुसते टेन्शन समजून तपासणीही टाळू नका.

७. निकालाच्या दिवशी शक्य असेल तर घरी राहा. पेढे आधीच आणून ठेवा. वर्षभर मेहनत केल्याचे पेढे, टक्क्यांचे नव्हेत.

सातवा नियम मी स्वतः पाळला नाही, म्हणून तो मला सर्वात चांगला ठाऊक आहे. माझ्या मुलीसाठी मी ते पेढे चार वर्षे उशिरा आणले. तिने एक खाल्ला, एक माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "चांगले आहेत. तेव्हाही चांगलेच लागले असते."